पाटावरचा चार्जर

जगातली प्रत्येक गाडी कशावर ना कशावर चालते. बैलगाडी कडब्यावर चालते, सायकल भाकरीवर चालते, ऑटो डिझेलवर चालतो आणि सरकारी जीप साहेबाच्या सहीवर चालते. भिलाईत पावर हाउसच्या ऑटोस्टँडवरचा तेजराम कापगते हेव्यावर चालायचा.

हे इंधन अगदीच वाईट आहे असं समजू नये. स्वस्त असतं, बारमाही मिळतं, रांग लावावी लागत नाही. शेजाऱ्याच्या अंगणात नुसतं डोकावलं की टाकी फुल. अडचण एकच. याचा धूर बाहेर पडत नाही, आतल्या आत फिरत राहतो आणि मग माणसाला जेवण गोड लागत नाही.

तेजरामची टाकी पहिल्यांदा भरली ती साकोलीकडच्या त्याच्या गावात. घरचे बैल चांगले होते, पण शेजारच्या बैलांच्या गळ्यात पितळी घंटा होत्या. पुढे बाप स्टील प्लांटात लागला आणि कुटुंब भिलाईला आलं. पाळी सुटली की गेटातून सायकलींचा पूर निघायचा आणि बापाची सायकल ओळखायला पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहायची. तेजरामला बापाची सायकल कधी दिसलीच नाही, कारण तो डायनॅमोवाल्या सायकली मोजत असायचा. बाप त्याच्या समोरून घरी जाऊन, हातपाय धुऊन जेवायला बसायचा, आणि पोरगं अंधार पडेस्तोवर गेटाजवळ लोकांचे दिवे बघत उभं.

प्लांटातली नोकरी काही त्याच्या वाट्याला आली नाही. ज्यांना लागली त्यांच्या क्वार्टरकडे बघत त्यानं काही वर्षं दुसऱ्याचा ऑटो चालवला आणि शेवटी स्वतःचा डिझेल ऑटो घेतला. बापाच्या दुभत्या म्हशीच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं सगुणा. हार घातलेली सगुणा घरच्या, कोहक्याच्या गल्लीत शिरली तेव्हा अख्खी गल्ली दारात आली होती. ते एक वर्ष असं गेलं की लोक त्याच्यावर जळत होते आणि त्याला कोणावर जळायचं कारण नव्हतं. सवय नसल्यामुळे त्या वर्षी तो जरा आजारीच असायचा.

सगुणा आता म्हातारी झाली होती. ती कोहक्यातून निघाली की तिच्या आवाजावर पावर हाउसचा चहावाला दूध चढवायचा. तिच्यात बसलेल्या माणसाच्या हातातला चुना-तंबाखू आपोआप मळून व्हायचा. एका म्हाताऱ्याची वरची कवळी खुर्सीपारच्या वळणावर त्याच्या मांडीवर येऊन बसली होती. पण टाकीत डिझेल ओतलं की दोन मिनिटांत ती जगाच्या पाठीवर कुठंही जायला तयार असायची, आणि बिघडली तर रस्त्याकाठचा कोणताही मिस्त्री तिला हातोडी आणि शिवी या दोन औजारांवर दुरुस्त करायचा. तेजरामला हे फार मोठं सुख वाटायचं. त्याच्या बायकोला, कौशल्याला, वाटायचं नाही.

कौशल्याच्या कमरेनं अलीकडे दगा दिला होता. डॉक्टरांनी धक्के टाळायला सांगितलं होतं. आणि सगुणा म्हणजे तर चार बाजूंनी पत्रा ठोकलेला धक्काच. लेक दिपाली चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत दिलेली, तिचं बाळ लहान, त्यामुळे कौशल्याची दर गुरुवारी चरोद्याला फेरी असायची. आजवर ती सगुणेतून जायची. येताना कमरेला हात लावून उतरायची आणि म्हणायची, "अवो, या गाडीत बाळंतीण बसली तर घरी जाईस्तोवर पोरगं चालाले शिकंन."

अशा वेळी स्टँडवर कृष्णराव आला.

कृष्णराव कौशल्याच्या माहेरगावचा. प्लांटात वायरमनकी करून रिटायर झालेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरगा पुण्याला. घरात बसून भिंतीशी बोलण्यापेक्षा माणसांशी बोलावं म्हणून त्यानं ई-रिक्षा घेतली. पोपटी रंगाची, बॅटरीवर चालणारी, आवाज म्हणाल तर पंख्याएवढा. गावच्या नात्यानं तो कौशल्याला बाई म्हणायचा, म्हणजे बहीण, आणि ती त्याला किसनदादा. आणि बहिणीचा नवरा म्हणून तेजरामला म्हणायचा जवाईबापू. आता, हेवा करायला माणूस जरा उर्मट असावा लागतो. हा उठून जागा द्यायचा, आधी चहा पुढं करायचा. अशा माणसावर जळायचं म्हणजे ओल्या लाकडांवर स्वयंपाक करण्यासारखं आहे. पण तेजराम मेहनती होता.

बॅटरीवालीचा एक मोठा दोष त्याला पहिल्याच आठवड्यात कळला. ती येताना कळत नाही, त्यामुळे तिच्या मालकाची निंदा वेळेवर थांबवता येत नाही. स्टँडवर तो देवरावला सांगत होता, "खेळणं आहे ते. पोराच्या वाढदिवसाले द्यायचं. पावसात नालीत अडकलं का बॅटरी डुबली, अन् बॅटरी डुबली का कृष्णराव डुबले."

"डुबंन ना जी," मागून आवाज आला. पोपटी रिक्षा त्याच्या पाठीशी हातभर अंतरावर उभी होती. "पाण्याची भीती आहेच जवाईबापू."

तेजराम गडबडला, पण मागे हटला नाही. "अन् बॅटरी म्हातारी झाली का नवीन टाकाव लागते. तेवढ्यात माझी सगुणा दोनदा इंजिन बदलून येते."

"बरोबर आहे. महाग पडते."

"अन् धूर नाही, धूर नाही म्हणता. तुमची बिजली कुठून येते? कोरब्यातून. कोळसा जाळून. म्हणजे धूर तुमचाच, फक्त दुसऱ्याच्या गावात सोडता."

"हेबी खरं आहे," कृष्णराव म्हणाला आणि मनापासून मान हलवली. "तुमाले किती माहीत आहे जी."

देवराव हसला. त्याचा ऑटो गॅसवाला. धूर कमी, खर्च कमी, फक्त गॅसचा पंप लांब आणि रांग त्याहून लांब, त्यामुळे त्याचं अर्धं आयुष्य पंपावर गेलं होतं. दोन पोरांची लग्नं त्यानं रांगेत ओळखी काढून जमवली होती. तो म्हणाला, "तुमी दोघं भांडा. मी जातो लाइनमधे. परवापर्यंत येतो."

एवढ्यात भाजीची टोपली घेऊन ठकूबाई आली. ती स्टँडची सगळ्यात जुनी सवारी, आणि अनेक वर्षं तेजरामचीच. तिनं सगुणेकडे बघितलं, पोपटी रिक्षाकडे बघितलं आणि टोपली पोपटी रिक्षात ठेवली.

"ठकूबाई, तिकडं कुठं?" तेजराम म्हणाला.

"तुया गाडीत टमाटरची चटणी होते बापा. मले टमाटर विकाचे आहेत."

रात्रभर तेजरामला टमाटर दिसत राहिले. पण टमाटरचं दुःख फार दिवस टिकलं नाही, कारण गुरुवारी त्यापेक्षा मोठं आलं. सवारी सोडून तो कोहक्याला जेवायला आला, तर दारात पोपटी रिक्षा. त्यातून कौशल्या उतरली. हसत उतरली. कमरेला हात न लावता उतरली. आणि उतरल्यावरही कृष्णरावशी बोलणं संपलेलं नव्हतं म्हणून एक पाय पायरीवर ठेवून तशीच उभी राहिली.

तेजराम हात धुऊन ताटावर बसला.

"चरोद्याले गेली होती?"

"हो ना. किसनदादा तिकडंच जाऊन राहिले होते."

"मी मेलो होतो का?"

"तुमी सवारी घेऊन गेले होते. अन् खरं सांगू का, त्या गाडीत मणके जागेवर राहतात."

"इतकं काय बोलून राहिली होती?"

"काई नाही. इकडचं तिकडचं. त्या गाडीत बोलता येते ना जी."

हे वाक्य तेजरामच्या घशात भाताबरोबर अडकलं. मणक्यांचं ठीक आहे, तो डॉक्टरी विषय झाला. पण बोलता येते म्हणजे काय? इतक्या वर्षांत कौशल्या सगुणेत बसून बाजाराला गेली, माहेरी गेली, दवाखान्यात गेली, दिपालीसाठी मुलगा बघायला गेली. दोघं काय बोलले ते त्यानं आठवून बघितलं. "पोचलो", "उतर", "छत्री घेतली का" आणि "काय?". सगळ्यात जास्त वेळा "काय?".

त्या दिवसापासून त्याचा हेवा कृष्णरावच्या गाडीवरून सरकला आणि गाडीतल्या गप्पांवर जाऊन बसला. धूर आता डोळ्यांपर्यंत आला.

तोंडावर विश्वकर्मा पूजा होती. भिलाईत या दिवसाचं महत्त्व दिवाळीच्या बरोबरीचं. जिथं गावच्या गाव यंत्रावर पोट भरतं तिथं यंत्राच्या देवाला नाराज करून चालत नाही. त्या दिवशी प्लांटातली माणसं बायकापोरांना घेऊन आपापली मशीन दाखवायला जातात, गल्लीतला शिंपी शिलाई मशीनला हळद लावतो, आणि पावर हाउसच्या स्टँडवर गाड्या धुऊन, हार घालून ओळीनं उभ्या राहतात. प्रत्येक गाडीपुढं आदल्या संध्याकाळी पाट मांडायचा आणि त्यावर त्या गाडीची औजारं ठेवायची. एकदा पाटावर ठेवलेल्या औजाराला दुसऱ्या दिवशीची रात्र सरेपर्यंत हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या हत्याराला तेवढी एक सुट्टी.

आणि या स्टँडची स्वतःची एक रीत होती. पूजा झाली की त्या दिवशी भाड्याची सवारी घ्यायची नाही, फक्त घरच्या लक्ष्मीला बसवून एक फेरी मारायची. फेरी केवढी असावी याला नियम नव्हता. पण कोणाची लक्ष्मी कोणाच्या गाडीत बसते हे अख्खा स्टँड बघत असे. कौशल्या सगुणेत बसली नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं. यंदा ती बसेल का, एवढाच प्रश्न तेजराम दिवसरात्र चावत होता. विचारायची हिंमत होत नव्हती, कारण विचारलं तर उत्तर मिळतं.

पूजेच्या आदल्या दिवशी स्टँडवर पाट मांडणं सुरू झालं. तेजरामनं सगुणेपुढं पाना, जॅक, टॉमीचा दांडा, तेलाची बुधली आणि गाडी ओढायचा जाडजूड दोर मांडला. पाट कसा भरल्या ताटासारखा दिसत होता. कृष्णराव आपल्या रिकाम्या पाटापुढं उकिडवा बसला होता.

"जवाईबापू, माझ्या गाडीले तर औजारच नाही. पाना लागत नाही, तेल लागत नाही. काय ठेवू?"

तेजराम दोर सारखा करता करता थांबला. त्याची नजर पोपटी रिक्षाच्या सीटखाली गेली. तिथं चार्जरचा डबा होता. कृष्णराव दिवसभर फेऱ्या मारून नुकताच आला होता, आणि रोज रात्री हाच डबा भिंतीच्या सॉकेटला लावून बॅटरी भरायचा, हे तेजरामला माहीत होतं. त्याचं डोकं एरवी सगुणेसारखं चौथ्या-पाचव्या ओढीला सुरू व्हायचं. आज पहिल्याच ओढीला झालं.

"कावून? चार्जर आहे ना."

कृष्णरावचा चेहरा असा उजळला की तेजरामला दुसरीकडे बघावं लागलं.

"खरंच की जी. त्याच्यावर तर सारी गाडी चालते. माझ्या ध्यानातच नाही आलं." त्यानं डबा काढला, पंचानं पुसला, पाटावर ठेवला, हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं आणि वायर नीट गुंडाळून नागोबासारखी वर बसवली. "तुमी जवाई नाही, देवमाणूस आहा."

देवमाणूस घरी जाऊन न जेवता झोपला.

सकाळी पूजा झाली. आरती झाली, नारळ फुटले, चिरंजीचा प्रसाद वाटला. कौशल्या नवं लुगडं नेसून आली होती. एका हातात लाडवांचा डबा, दुसऱ्या हातात बाजारातून घेतलेलं नेवारीच्या पट्टीचं जाड भेंडोळं. दिपालीच्या घरची खाट सैल झाली होती, ती विणायला ही नेवार. एकेक लक्ष्मी आपापल्या गाडीत बसत होती. तेजरामनं सगुणेच्या सीटवर घरची गोधडी दुहेरी घालून ठेवली होती. त्यावर उशी ठेवली होती. उशीवर स्वतः दोनदा बसूनही बघितलं होतं.

कौशल्यानं सगुणेला ओवाळलं. समोरच्या काचेला कुंकू लावलं. उशीकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "अवो, कंबर आज लय ठणकून राहिली. अन् किसनदादाच्या गाडीत बसाले कोणीच नाही. नवी गाडी, पहिली पूजा, रिकामी फिरन तर बरं नाही दिसत. मी तिकडं बसतो. चरोद्याले जाऊन नेवार देऊन येतो. चालंन ना?"

"चालंन," तेजराम म्हणाला.

पोपटी रिक्षा आवाज न करता निघाली. तिनं निदान थोडा आवाज केला असता तर त्याला बरं वाटलं असतं. स्टँडवरच्या सगळ्यांनी एकदम दुसरीकडे बघितलं. देवरावची बायको तर रिकाम्या आकाशात पतंग शोधू लागली.

तेजराम उशीशेजारी बसून राहिला. हळूहळू त्याला चार्जर आठवला. बॅटरी अर्धपोटी होती. चरोदा लांब होतं. पहिल्यांदा त्याच्या मनाला गुदगुल्या झाल्या, आणि मग लक्षात आलं की अर्धपोटी गाडीत बसलेली बाई आपलीच आहे. त्यानं सगुणेचं हँडल ओढलं. पाचव्या ओढीला ती खोकून जागी झाली. देवरावनं विचारलं, "कुठं जी? लक्ष्मी तर गेली."

"इंजिन गरम कराले," तेजराम म्हणाला आणि चरोद्याची दिशा धरली.

भिलाई-तीन वस्तीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेच्या कडुनिंबाखाली पोपटी रिक्षा उभी होती. कृष्णराव तिच्या पुढं उभा राहून, बैल बसला तर माणूस जसा उभा राहतो तसा, कमरेवर हात ठेवून बघत होता. कौशल्या आत आरामात बसली होती.

"जवाईबापू आले," कृष्णराव म्हणाला. "पाहा, देवच पाठवते. बॅटरी संपली. तसे मीटरवर दोन दांडे दिसत होते, म्हटलं पोचते. विश्वकर्म्याचा दिवस आहे."

"कुठं चार्ज करून घ्या ना," तेजराम म्हणाला. कौशल्याकडे त्यानं बघितलं नाही.

"कशानं करू जी? चार्जर पाटावर आहे. अन् जवळ असता तरी आज हात नसता लावला." आणि मग अगदी सरळ मनानं, "तुमी दोर काढा. बांधून ओढून नेऊ. चरोदा आता दूर नाही."

तेजरामनं मागच्या सीटखाली हात घातला आणि हात तसाच थांबला. दोर पाटावर होता. त्यानंच ठेवला होता. हळदकुंकू लावून, फूल वाहून, सगळ्यात जाड दोर आपलाच आहे हे दिसावं म्हणून अगदी पुढं.

कावळा तेवढा बोलला.

"ही घ्या," कौशल्या म्हणाली आणि नेवारीचं भेंडोळं पुढं केलं. "दिपालीची खाट उद्या विणू. चौपदरी करा. माणूस झोपला तर तुटत नाही, गाडीनं कायले तुटन?"

नेवार बांधली गेली. तेजरामनं घसा साफ केला. "चल, तू या गाडीत बस. उशी ठेवली आहे."

"ओढताना अजून धक्के बसतीन. मी इथंच बरी."

म्हणून अशी वरात निघाली. पुढं सगुणा, तिच्यावर एकटा तेजराम. मागं पांढऱ्या नेवारीनं बांधलेली पोपटी रिक्षा, तिच्यात कृष्णराव आणि कौशल्या. सगुणा धडधडत होती, तिचे सगळे पत्रे वेगवेगळं बोलत होते. तेजरामनं आरशात बघितलं. कौशल्या पुढं वाकून काही सांगत होती. कृष्णराव मान डोलावत होता. मग ती हसली. मग तो हसला. तेजरामला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

त्याच्या ध्यानात आलं की इंजिन आपण झालो आहोत. डिझेल आपलं, धूर आपला, घाम आपला, आणि गप्पा तिकडं चालल्या आहेत. आजवर कृष्णरावची गाडी बिजलीवर चालत होती, आता ती आपल्यावर चालते आहे. त्यानं जोर वाढवला. सगुणेनं काळा धूर सोडला. आरशात कौशल्यानं पदर नाकाला लावला आणि पदराआडून आणखी हसली.

चरोद्याच्या फाट्याच्या जरा अलीकडे त्यानं करकचून ब्रेक दाबला. मागची रिक्षा सगुणेला हलकेच टेकली.

"काय झालं जी?" कृष्णरावनं विचारलं.

तेजराम खाली उतरला. जे तोंडातून निघालं ते त्याचं त्यालाच परकं वाटलं. सगुणेचं हँडल त्यानं सख्ख्या पोराच्या, मोहितच्याही हातात कधी दिलं नव्हतं.

"कृष्णराव, पुढं तुमी चालवा. माझ्या हाताले मुंग्या येऊन राहिल्या."

"माझ्या हाती? सगुणा?"

"हळू चालवा. डावीकडं ओढते ती."

कृष्णराव देवळात शिरावं तसा सगुणेत शिरला. तेजराम पोपटी रिक्षाच्या पुढच्या सीटवर बसला, हँडल धरलं, आणि नेवार ताणली जाऊन गाडी सरकू लागली.

आवाज नव्हता. म्हणजे सगुणेचा होता, पण तो पुढं, नेवारीच्या पलीकडे, शेजारच्या घरात भांडण चालावं तसा. इथं हँडलखाली फक्त चाकांची सळसळ होती. मागून कौशल्याच्या बांगड्या वाजल्या. त्या वाजतात हे त्याला गाडीत बसून पहिल्यांदाच कळलं.

"कंबर कशी आहे?" त्यानं ओरडून विचारलं.

रस्त्यावरचा एक सायकलवाला दचकून बाजूला झाला.

"ओरडता कावून? मी इथंच तर आहो."

"ओरडत नाही," तो ओरडला. मग घसा खाकरून, आवाज कुठं ठेवायचा ते न कळून, कुजबुजल्यासारखं म्हणाला, "सवय आहे."

तेजरामला वाटलं, आता इतकी शांतता आहे तर आपण काहीतरी बोलायला पाहिजे. इतक्या वर्षांचं साचलेलं असेल काही. शोधलं तर सापडलं ते एवढंच, "छत्री घेतली का?"

"घेतली."

"मघापासून काय हसून राहिली होती त्याच्यासंगं?"

"तुमचंच चाललं होतं."

"माझं?"

"किसनदादा सकाळपासून तुमचीच तारीफ करून राहिले. जवाईनं चार्जर पाटावर ठेवाचं काय सुंदर सुचवलं म्हणे, आपल्याले आयुष्यात नसतं सुचलं." कौशल्या थांबली. "मी म्हटलं, हो. आमच्या यांच्या डोक्यात असं एकदम येत नाही कधी. येते तेव्हा कोणावर तरी जळूनच येते."

तेजरामची मान हँडलवर आणखी खाली गेली.

"तू सांगितलं त्याले?"

"नाही जी. तो भोळा आहे. अन् तुमी माझे आहा." ती पुढं सरकली, तिचा आवाज अगदी त्याच्या कानाशी आला. "अवो, मी त्या गाडीत किसनदादासाठी नाही बसत. गप्प बसून जीव घाबरते माझा. घरी तुमी थकून येता, जेवता, झोपता. गाडीत बोलावं तर तुमची सगुणाच बोलते. मी कोणासंग बोलू?"

मग चरोदा येईपर्यंत तो बोलला, न ओरडता. रेल्वेच्या क्वार्टरांच्या बाजूनं, मालगाड्यांच्या यार्डाच्या कडेनं, दिपालीच्या दारापर्यंत. डायनॅमोच्या सायकलीचं सांगितलं, टमाटरचं सांगितलं, उशीवर दोनदा बसून बघितल्याचंही सांगितलं. उशीला कौशल्या इतकी हसली की पुढं कृष्णरावनं मान वळवून बघितलं. त्याला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तेजरामला त्याचं वाईट वाटलं, पण फार नाही.

दिपालीनं दारात येऊन बघितलं, तर तिच्या खाटेची नेवार दोन गाड्यांच्या मधे, एका बाजूनं काळी झालेली. तिनं काही विचारलं नाही. ती बापाची लेक होती, शेजारणीच्या खाटेकडे एकदा बघून आत गेली.

तेव्हापासून पावर हाउसच्या स्टँडवर नवी रीत पडली. गुरुवारी चरोद्याच्या फेरीसाठी गाड्यांची अदलाबदल. तेजराम पोपटी रिक्षा घेतो, मागं कौशल्या बसते, आणि तेवढ्या वेळापुरती सगुणा कृष्णरावकडे. तेजरामनं ई-रिक्षा घेतली नाही, घेणारही नाही. बॅटरीचा धूर कोरब्यात निघतो, हे तो आजही सांगतो, फक्त आता मागं वळून बघून सांगतो.

पहिल्या गुरुवारी त्यानं कृष्णरावला बाजूला घेऊन नीट समजावलं. "हे पाहा, सगुणा लगेच नाही घेत. चार-पाचदा ओढाव लागते. आधी थोडी थोपटा. मग एक शिवी द्या, पण हळू. वरून पाण्याचा शिडकावा केला तर—"

कृष्णरावनं थोपटलं नाही, शिवी दिली नाही. हँडल धरलं, "चल माय" म्हणाला आणि ओढलं. सगुणा पहिल्याच ओढीला सुरू झाली. खोकली नाही. धूरसुद्धा मापात सोडला.

स्टँड मागं पडेपर्यंत तेजराम आरशातून सगुणेकडेच बघत होता.

"आता काय झालं?" मागून कौशल्यानं विचारलं.

"पहिल्या ओढीले," तो म्हणाला. आवाज अगदी बेताचा होता, आता त्याला जमू लागलं होतं. "इतक्या वर्षांत माझ्या हातून कधी झाली नाही. अन् तू आवाज ऐकला का तिचा? डावीकडं ओढतबी नव्हती."

कौशल्यानं लेकीसाठी घेतलेला लाडवांचा डबा उघडून एक लाडू त्याच्या हातात ठेवला. "खा. अन् समोर पाहा."

त्यानं खाल्ला. लाडू गोड होता. फक्त निघताना तिनं कृष्णरावच्या हातावर ठेवलेला जरासा मोठा होता, हे त्यानं तेव्हाच बघून ठेवलं होतं.